पहिला अंक पाहून नाटकाचा निकाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जपानी डिझायनर रेई कावाकुबो यांच्या ‘ऑरलँडो’ या पुरुषांच्या वस्त्रसंग्रहाची छायाचित्रे आणि त्यांवरचा लेख प्रसिद्ध झाल्यापासून वाचकांच्या प्रतिक्रियांचा जो ओघ सुरू आहे, तो मी आवर्जून वाचत आले आहे. टीका करणाऱ्यांचा सूर साधारण असा, की हे कपडे कोणी शहाणा पुरुष अंगावर घालणार नाही, आणि न घालण्याजोग्या कपड्यांना व्हर्जिनिया वुल्फ यांच्या कादंबरीचे नाव दिले म्हणून त्यांचा साहित्याशी संबंध जुळत नाही. स्तुती करणाऱ्यांचा सूर नेमका उलटा. त्यांच्या मते पुरुषाच्या अंगावर घेरदार वस्त्र चढले त्या क्षणी स्त्री-पुरुष हा भेदच निकालात निघाला आणि कादंबरीचे सार्थक झाले. दोन्ही बाजूंनी लिहिणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी कादंबरी उघडलेली दिसते, आणि त्याहूनही थोड्यांनी कपडे नीट पाहिलेले दिसतात. मी आयुष्यभर कापड बेतण्याचे काम केले आहे आणि वाचनाची आवड राखली आहे, एवढ्याच अधिकारावर हे पत्र लिहीत आहे. ते लांबले तर आपण कात्री चालवावी. कात्रीशी माझे जुने सख्य आहे.

बहुतेक प्रतिक्रियांतून एक साधी गोष्ट गळून गेली आहे. हा संग्रह सुटा नव्हता. कावाकुबो यांच्याच ‘कॉम दे गार्सों’ या कंपनीच्या ‘ओम प्ल्यूस’ या पुरुषांच्या विभागाने तो २०१९ च्या जूनमध्ये पॅरिसला सादर केला, आणि तो तीन अंकांपैकी पहिला अंक होता. दुसरा अंक म्हणजे त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पॅरिसलाच सादर झालेला स्त्रियांचा संग्रह. तिसरा अंक ८ डिसेंबर २०१९ रोजी व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात रंगला, कारण संगीतकार ओल्गा नॉयविर्त यांनी याच कादंबरीवर रचलेल्या ऑपेराची वेशभूषा कावाकुबो यांनी केली होती. १८६९ साली उघडलेल्या त्या नाट्यगृहाच्या मुख्य रंगमंचावर एखाद्या स्त्री-संगीतकाराचा पूर्ण लांबीचा ऑपेरा होण्यास दीडशे वर्षे जावी लागली, हीही त्या संध्याकाळची एक बातमी होती. म्हणजे आधी पुरुष, मग स्त्री, आणि शेवटी दोन्ही रूपांतून गेलेली एकच व्यक्ती रंगमंचावर, असा हा क्रम आहे. कादंबरीचा क्रमही हाच आहे. ज्यांनी पहिल्या अंकाची आठ-दहा छायाचित्रे पाहून नाटकाचा निकाल लावला, मग तो निकाल बाजूने असो की विरोधात, त्यांनी मध्यंतराच्या आधीच नाट्यगृह सोडले आहे.

कादंबरी ज्यांच्या वाचनात नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळातला एक उमराव घराण्यातला तरुण, ऑरलँडो, तीनशेहून अधिक वर्षे जगतो आणि तरीही कथेच्या अखेरीस वयाने जेमतेम छत्तीसचा असतो. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत तो कॉन्स्टँटिनोपलला राजदूत म्हणून जातो, तिथे एकदा अनेक दिवसांच्या गाढ झोपेत पडतो, आणि जागा होतो तेव्हा तो स्त्री झालेला असतो. हा बदल सोडला तर ऑरलँडो पूर्वीसारखाच राहिला, असे वुल्फ निःसंदिग्धपणे सांगतात. कथा जिथे संपते तो दिवस ११ ऑक्टोबर १९२८, आणि पुस्तक प्रसिद्ध झाले तो दिवसही तोच.

आता ‘हे पुरुषांचे कपडे आहेत का?’ या प्रश्नाकडे येऊ, कारण टीकेचा सर्वांत मोठा भाग या एका प्रश्नात सामावलेला आहे. या कादंबरीचे पहिलेच वाक्य कपड्यांविषयी आहे, हे प्रश्न विचारणाऱ्यांना ठाऊक असते तर त्यांनी तो इतक्या तावातावाने विचारला नसता. नायक पुरुष आहे याविषयी शंका नाही, मात्र त्या काळच्या फॅशनमुळे ते थोडे झाकले जात होते, अशा आशयाने वुल्फ सुरुवात करतात. सोळाव्या शतकातील इंग्लंडचा दरबारी पुरुष कसा दिसत असे, हे पाहायचे असेल तर लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत असलेले सर वॉल्टर रॅले यांचे १५८८ सालचे चित्र पाहावे. कानात मोत्यांचे भूषण, खांद्यावरच्या झग्यावर मोत्यांचे भरतकाम, आणि हा माणूस जहाजे घेऊन समुद्रावर लढायांना जाणारा. त्या काळातल्या पुरुषांच्या बंडीला पोटाशी कापूस किंवा तत्सम भरण घालून मुद्दाम फुगवटा दिला जाई, गळ्याभोवती खळ दिलेली चुणीदार कॉलर असे आणि पायांत घट्ट मोजे असत. ज्या कोटाला आपण आज ‘मर्दानी’ म्हणतो, त्याचा इतिहास या मानाने अगदी अलीकडचा आहे. तेव्हा कावाकुबो यांनी पुरुषांना बायकी कपडे चढवले, या आरोपात तथ्य शोधायचे तर आधी कोणत्या शतकातले पुरुष, हे ठरवावे लागेल.

हा मुद्दा मी बेतकामाच्या अंगानेही मांडू इच्छिते, कारण तो प्रतिक्रियांमध्ये कुठेच आला नाही. चांगल्या शिंप्याने शिवलेला पुरुषाचा कोट उसवून पाहिला, तर वरच्या कापडाखाली कॅनव्हासचा थर सापडतो, त्यात छातीच्या भागाला घोड्याच्या केसांचे विणलेले कापड लावलेले असते, ते शेकडो बारीक तिरक्या टाक्यांनी धरलेले असते, आणि खांद्यात गादी असते. त्या टाक्यांच्या ताणाने कापडाला बाक येतो आणि तो बाक कोट हँगरवर टांगला तरी टिकतो. अर्थात रुंद छाती आणि ताठ खांदे हे घालणाऱ्याच्या अंगात असोत वा नसोत, ते कोटाच्या अंगात आधीच असतात. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, स्त्रीच्या कोटाची उजवी डावीवर. शरीररचनेतले कोणतेही कारण यामागे नाही. कावाकुबो यांनी या संग्रहात पुरुषी शिलाईचा कोट आणि स्त्रियांच्या पोशाखाकडे झुकणारा घेर एकाच अंगावर आणला, तेव्हा त्यांनी दोन तयार साच्यांपैकी एकही मूळचा नाही, हे दाखवले. कोट बेतणाऱ्या कोणालाही ही गोष्ट नवी नाही. नवीन वाटते ती फक्त विकत घेणाऱ्याला.

वुल्फ यांनी हेच जहाजावरच्या प्रसंगात मांडले आहे, आणि तो प्रसंग मला या संपूर्ण चर्चेच्या केंद्रस्थानी असावा असे वाटते. स्त्री झाल्यावर ऑरलँडो काही काळ जिप्सींच्या तांड्यात राहते. त्या काळात ती तुर्की विजार वापरते, जी स्त्री आणि पुरुष दोघेही घालत, त्यामुळे आपण स्त्री झालो आहोत याचा तिला फारसा विचारही करावा लागत नाही. इंग्लंडला परतण्यासाठी ती स्त्रियांचे इंग्रजी कपडे विकत घेऊन जहाजावर चढते, आणि तिथे घागऱ्याचे वळसे पायांभोवती गुंडाळू लागतात, कप्तान अदबीने तिच्यासाठी छत उभारण्याची तयारी दाखवतो, तेव्हा कुठे तिला आपल्या स्थितीची खरी जाणीव होते. पुढे तिच्या पोटरीचा इंचभर भाग दिसला म्हणून डोलकाठीवरचा एक खलाशी दचकतो, त्याचा पाय निसटतो आणि तो कसाबसा वाचतो. हसू येते, आणि त्याच वेळी लक्षात येते की शरीर बदलल्याने जे घडले नाही ते कापड बदलल्याने घडले.

स्तुती करणाऱ्या वाचकांनी याच प्रकरणातला एक विचार वारंवार उद्धृत केला आहे: आपण कपडे घालत नाही, कपडेच आपल्याला घालतात, हात आणि छाती यांचा आकार आपण त्यांना देत असू, पण मन, बुद्धी आणि जीभ यांना आकार ते देतात. विचार सुंदर आहे. मात्र उद्धरण तिथेच थांबवणे हा अर्धा न्याय झाला, कारण वुल्फ स्वतः तिथे थांबत नाहीत. लगेच पुढे त्या म्हणतात की हे काही तत्त्वज्ञांचे मत झाले, आपला कल मात्र वेगळा आहे. कपडे हे खोलवर दडलेल्या कशाचे तरी केवळ चिन्ह आहेत. आणि त्याही पुढे जाऊन, प्रत्येक माणसात एका लिंगाकडून दुसऱ्याकडे हेलकावे चालूच असतात, पुष्कळदा वरचे रूप फक्त कपड्यांनी टिकवलेले असते आणि आत नेमके उलटे असते, असे त्या मांडतात. एकाच पानाच्या आगेमागे तीन भूमिका, आणि लेखिका कोणत्याच एकीवर खिळा ठोकत नाही. अशा पुस्तकावरून केलेला संग्रह ‘भेद मिटवणारा’ म्हणून डोक्यावर घेणे म्हणजे पुस्तकाला घोषणेत कोंबणे आहे.

या स्तुतीबद्दल माझी खरी तक्रार याहून गंभीर आहे. स्त्री होऊन मायदेशी परतल्यावर ऑरलँडोला काय मिळते? खटले मिळतात. तिच्यावर तीन मोठे दावे लावलेले असतात: पहिला असा की ती मृत आहे, म्हणून तिला मालमत्ता बाळगता येत नाही, दुसरा असा की ती स्त्री आहे, ज्याचा अर्थ जवळपास तोच होतो, आणि तिसरा असा की ती मुळात एक इंग्लिश ड्यूक असून तिने रोझिना पेपिता नावाच्या नर्तकीशी विवाह केला होता आणि त्या विवाहातले तीन मुलगे आता वारसा मागत आहेत. ज्या विनोदी थाटात वुल्फ हे लिहितात त्यामागे एक अतिशय खरी वेदना आहे. ज्यांच्यावरून ऑरलँडो बेतला आणि ज्यांना हे पुस्तक अर्पण केले, त्या व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या केंट परगण्यातल्या नोल या प्रचंड वाड्यात जन्मल्या आणि वाढल्या, त्या आईवडिलांचे एकुलते एक अपत्य होत्या, आणि तरीही १९२८ च्या जानेवारीत वडील वारल्यावर नोल त्यांच्याकडे न येता काकांकडे गेला, कारण त्या मुलगी होत्या. व्हिटा यांची आजी खरोखरच पेपिता या नावाने प्रसिद्ध असलेली स्पॅनिश नर्तकी होती, आणि त्या नात्याच्या वैधतेवरून कुटुंबात न्यायालयीन वाद झालेला होता. पुस्तकात नोलमधल्या पूर्वजांची चित्रे आणि खुद्द व्हिटा यांची छायाचित्रे छापलेली आहेत. गेलेला वाडा मैत्रिणीने निदान कागदावर परत मिळवून दिला, असा हा सगळा व्यवहार आहे.

हे सारे ध्यानात ठेवून पुरुषांच्या संग्रहाकडे पाहिले, म्हणजे त्याची मर्यादाही दिसते. पुरुषाने घेर असलेले वस्त्र घातले तर त्याला एक मोकळीक मिळते, थोडे कुतूहल मिळते, फार तर थोडी टिंगल वाट्याला येते. ऑरलँडोने घागरा घातला तेव्हा तिचे घर, जमीन आणि कायद्यापुढचे अस्तित्व धोक्यात आले. पॅरिसमधल्या त्या सादरीकरणात पहिली बाजू आहे, दुसरी नाही, आणि फक्त पुरुष मॉडेल असलेल्या मंचावर ती येणेही कठीण होते. म्हणूनच पुढचे दोन अंक आवश्यक होते आणि म्हणूनच ते गाळून केलेली चर्चा मला अपुरी वाटते. व्हिएन्नातल्या ऑपेराने कथा १९२८ ला न थांबवता आपल्या काळापर्यंत आणली. त्याचे स्वागत संमिश्र झाले. ज्या कृतीला पुढे २०२२ सालचा ग्रॉमायर संगीत पुरस्कार मिळाला, तिच्यातले कपडे नुसती सजावट होती, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही.

काही वाचकांना हा सगळाच प्रकार जाहिरातबाजीचा वाटतो. त्यांच्या संशयाला आधार नाही असे मी म्हणणार नाही. ‘ऑरलँडो’ हे फॅशनवाल्यांचे लाडके पुस्तक आहे. ख्रिस्तोफर बेली यांनी २०१६ च्या सप्टेंबरमध्ये बर्बरीसाठी याच पुस्तकावरून संग्रह केला होता, किम जोन्स यांनी २०२१ च्या जानेवारीत फेंडीसाठी केलेल्या पहिल्या कुट्यूर (हाताने शिवलेल्या, खास बेतलेल्या कपड्यांच्या) संग्रहामागेही हेच पुस्तक होते, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२० साली फॅशन आणि काळ या विषयावर भरवलेल्या प्रदर्शनातही वुल्फ यांचा आवाज सूत्रधारासारखा वापरला गेला. जुन्या ग्रंथाचे नाव घेतले की कपड्याला आपोआप वजन येते, हे उद्योगाला पक्के ठाऊक आहे. तरीही नाव लावणे वेगळे आणि वाचणे वेगळे. या दोहोंतला फरक ओळखण्याची एक सोपी खूण मला वाटते ती अशी: पुस्तकातले प्रसंग कापडावर चित्रासारखे उतरले आहेत, की पुस्तकाची रचना कपड्याच्या रचनेत उतरली आहे? कावाकुबो यांच्या बाबतीत उत्तर दुसरे आहे, आणि तीन अंकांचा क्रम हाच त्याचा पुरावा आहे.

एका पत्रलेखकाने ‘जपानी बाईने पाश्चात्त्य वाद उसना घेतला’ असे लिहिले, तर दुसऱ्याने त्या कोटांत किमोनो शोधून काढला. कावाकुबो यांना आपले काम राष्ट्रीयत्वाच्या खणात टाकलेले आवडत नाही, हे त्या वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत, त्यामुळे किमोनोचा आग्रह मी धरणार नाही. मात्र उसनवारीच्या आरोपाला उत्तर म्हणून किमोनो उपयोगी आहे. सुमारे बारा मीटर लांब आणि जेमतेम छत्तीस-सदतीस सेंटिमीटर रुंद अशा कापडाच्या पट्ट्यातून, सरळ रेषांत कापून, स्त्रीचा किमोनो होतो आणि पुरुषाचाही होतो. दोघांचाही डावा पदर उजव्यावर येतो; उलटा पदर फक्त मृताला नेसवतात. फरक आहे तो बारकाव्यांत: स्त्रीच्या किमोनोला काखेखाली फट ठेवलेली असते आणि कमरेशी जादा लांबी दुमडून घ्यावी लागते, पुरुषाच्या किमोनोची बाही अंगाला शिवून टाकलेली असते. रंगमंचाचे म्हणाल तर काबुकी हे जपानी नृत्यनाट्य १६०३ च्या सुमारास ओकुनी या स्त्रीने सुरू केले, तीच पुरुषवेषात नाचत असे. १६२९ मध्ये स्त्रियांना मंचावर बंदी झाली आणि पुढे स्त्रीभूमिका पुरुष करू लागले. एवढी जुनी परंपरा पाठीशी असलेल्या देशातल्या कलावंताला पुरुषाच्या अंगावरचे स्त्रीवेष पाहायला पॅरिसला जाण्याची गरज नव्हती.

आता कावाकुबो यांच्या मौनाविषयी, कारण प्रतिक्रिया भरकटण्याचा थोडा दोष त्यांच्याकडेही जातो. १९४२ साली टोकियोत जन्मलेल्या आणि केइओ विद्यापीठात कला व सौंदर्यशास्त्र शिकलेल्या या बाईंनी बेतकामाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. पॅटर्न बनवणाऱ्यांना त्या रेखाचित्र न देता कधी एखादा शब्द देतात, आणि एकदा तर त्यांनी चुरगळलेला कागद हाती ठेवून ‘असे काहीतरी’ मागितले होते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. (माझ्याकडे कोणी असे गिऱ्हाईक आले असते तर मी त्याला चहा पाजून परत पाठवले असते.) प्रेक्षकांनाही त्या फारसे काही देत नाहीत; बहुधा एखादे तुटक वाक्य, तेही पुष्कळदा त्यांचे पती एड्रियन जॉफ यांच्या तोंडून. १९८२ मध्ये त्यांनी भोके असलेले काळे स्वेटर आणले, तेव्हा विणकामाच्या यंत्राचे स्क्रू सैल करून ती भोके हेतुतः पाडलेली होती आणि त्यांच्या लेखी ती एक प्रकारची लेस होती. युरोपीय वृत्तपत्रांनी मात्र त्यांत अणुबॉम्बची राख पाहिली आणि ‘हिरोशिमा’ हा शब्द थट्टेने वापरला. आज तसा एक स्वेटर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तेव्हाच्या टीकेला काळाने उत्तर दिले, असे म्हणता येते.

परंतु प्रत्येक टीकेला काळ असे उत्तर देत नाही, आणि चाहत्यांनी हे विसरू नये. १९९५ च्या जानेवारीत पुरुषांच्याच ‘स्लीप’ या संग्रहात मुंडण केलेल्या मॉडेलांनी पट्ट्यापट्ट्यांचे पायजमे घातले, आणि ते आउशवित्झच्या नाझी छळछावणीच्या मुक्ततेच्या पन्नासाव्या स्मृतिदिनाच्या वेळी; तिथल्या कैद्यांचा वेषही असाच असे. निषेध झाला, कंपनीने ते कपडे मागे घेतले, आणि झोपेच्या कपड्यांखेरीज काही मनात नव्हते, असे स्पष्टीकरण दिले. हेतू तसा नसेलही. ‘ऑरलँडो’नंतर लगेच, २०२० च्या जानेवारीत, पुरुषांच्या पुढच्याच संग्रहात गोऱ्या मॉडेलांच्या डोक्यावर कृष्णवर्णीयांच्या बारीक वेण्यांचे टोप दिसले आणि केशरचनाकार ज्युलियाँ दिस यांना माफी मागावी लागली, प्राचीन इजिप्तचा राजपुत्र डोळ्यांपुढे होता, असे ते म्हणाले. या दोन्ही वेळी आक्षेप घेणाऱ्यांनी मंचावर प्रत्यक्ष दिसणाऱ्या वस्तूवर बोट ठेवले होते: हे पट्टे, हे मुंडण, या वेण्या. म्हणून ते आक्षेप टिकले. ‘ऑरलँडो’वरच्या आपल्याकडे आलेल्या आक्षेपांत अशी एकही वस्तू नाही. कोणत्या कोटाबद्दल, कोणत्या शिवणीबद्दल, कोणत्या बाहीबद्दल तक्रार आहे, हे एकाही पत्रात मला सापडले नाही.

वस्तूवरच बोट ठेवायचे तर मी बुटांवर ठेवीन. या संग्रहात नायकीबरोबर केलेले ‘एअर मॅक्स ९५’ बूट होते. मूळ बूट १९९५ चा, बाजूला लाटांसारखे एकावर एक थर असलेला. कावाकुबो यांनी त्या थरांच्या कडा दुमडून न शिवता कापलेल्याच ठेवल्या, त्यामुळे आतला स्पंज आणि कापडाचे सुटे धागे उघडे पडतात. शिवणकामात कच्ची कड उघडी ठेवणे हा खरे तर अपराध. शिकाऊ मुलीकडून झाला तर आम्ही उसवून परत करायला लावतो. इथे ती कड मला पटली, कारण बदलत्या देहाच्या कथेत शिवण मिटवून टाकण्यापेक्षा ती दाखवणे अधिक प्रामाणिक आहे. तरीही विक्रीसाठी एखाद्या बड्या कंपनीशी हातमिळवणी केलेला बूट आणि वारसा गमावलेल्या स्त्रीची कथा एकाच मंचावर पाहताना मन थोडे अडखळते, आणि ज्यांनी जाहिरातबाजीचा आरोप केला त्यांनी या बुटाचा उल्लेख केला असता तर त्यांच्या पत्राला धार आली असती.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. पुरवणीतली सगळी छायाचित्रे समोरून घेतलेली आणि कमरेपाशी कापलेली होती. जून, सप्टेंबर आणि डिसेंबर २०१९ या तीनही अंकांतली छायाचित्रे एकदा शेजारी शेजारी, पूर्ण उंचीची आणि शक्य झाल्यास पाठीकडूनही छापावीत, त्यांखाली कोणता पोशाख कोणत्या अंकातला हे नोंदवावे, आणि ऑपेराचे कथानक चार ओळींत द्यावे. कोटाच्या पाठीवरच्या शिवणी दिसल्या तर तो कसा बेतला आहे, यावर मला आणि माझ्यासारख्या आणखी काही वाचकांना पुढचे पत्र लिहिता येईल.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक